पूर्वजांची आठ रिक्त पदे

बोरखळकर कुळात एकूण माणसे किती, हा प्रश्न १९९८च्या दिवाळीपर्यंत कोणालाही पडला नव्हता, आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेही नव्हते. साताऱ्याचे बोरखळकर सांगलीच्या बोरखळकरांना लग्नाची पत्रिका पाठवीत, सांगलीचे बोरखळकर ती उशिरा मिळाल्याचे कळवीत, आणि संबंध उत्तम होते.

त्या दिवाळीत अमेरिकेतल्या निमिष बोरखळकराने इंटरनेटवर कुळाची वेबसाइट काढली. जगातल्या कोणत्याही बोरखळकराने तिच्यावर आपापल्या शाखेची माहिती भरायची, दुसऱ्याने ती दुरुस्त करायची, आणि वंशवृक्षात मोठा फेरफार करायचा तर साताऱ्याचा व सांगलीचा अशा दोन्ही समन्वयकांनी संमती द्यायची. सांगलीसाठी निवृत्त मुख्याध्यापक नरहरपंत नेमले गेले. साताऱ्यासाठी त्यांचे चुलतभाऊ तात्या. तात्या पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांनी हे काम छंद म्हणून नव्हे, अतिरिक्त कार्यभार म्हणून स्वीकारले.

राजवाड्याजवळ सयाजीचे सायबर कॅफे होते. सयाजी मूळचा मलकापूरचा. एसटीडी बूथमध्ये तीन कॉम्प्युटर बसवून त्याने नव्या युगात प्रवेश केला होता. तात्या रोज जेवण करून तिथे हजर होत, खुर्चीवर घरून आणलेली उशी ठेवत आणि म्हणत, "सयाजी, लाव." मग तो फोन लावी, यंत्र शिंकल्यासारखे, किंचाळल्यासारखे आवाज करी, आणि पूर्वज दिसू लागत.

पहिल्या महिन्यात सांगलीने बोरखळकरांची भली मोठी तुकडी नोंदवली. हे तात्यांना सहन होण्यासारखे नव्हते. त्यांनी धारवाड, इंदूर, ग्वाल्हेर अशा आघाड्या उघडल्या. सगळ्या शाखा मूळपुरुष गणोबापासून निघाल्या, हे तोंडोतोंडी ठाऊक होते. पण गणोबा आणि आजच्या शाखा यांच्या मधल्या पुरुषांची नावे कोणालाच माहीत नव्हती. वेबसाइटला मात्र रिकामी चौकट चालत नसे. तात्यांनी खात्यातल्या रिवाजाप्रमाणे मार्ग काढला. मधली पदे रिक्त असतील तर कागद थेट वर जातो. त्यांनी प्रत्येक शाखेचा सर्वांत जुना माहीत असलेला पुरुष उचलला आणि थेट गणोबाचा मुलगा म्हणून जोडून टाकला.

गणोबाला अशा रीतीने एकोणतीस मुलगे झाले. त्यातल्या थोरल्याचे आणि धाकट्याचे वय यांत सव्वाशे वर्षांचे अंतर पडले, पण त्याबद्दल कोणी हरकत नोंदवली नाही. हजारावर माणसे सात पिढ्यांच्या आत एकत्र आली. स्थानिक दैनिकात तात्यांचा फोटो आला. शिवाय कुळाची एकी टिकावी म्हणून तात्यांनी एक सोय करून घेतली: जगात कुठेही बोरखळकर वारला की 'दुःखद सूचना' या मथळ्याचा ई-मेल आपोआप सर्व शाखांना जाई.

याच सुमारास तात्यांची मुलगी अपूर्वा हिचे लग्न ठरले. मुलगा सांगलीचा, शौनक. जूनमध्ये तो मस्कतला नोकरीवर रुजू व्हायचा होता. फेब्रुवारीतला मुहूर्त धरला, सांगलीत कार्यालय घेतले, आणि लग्नाच्या आठवड्यात ग्वाल्हेरचे मोरेश्वरराव वारले.

"आवं तात्या, एक गेलं बगा तुमचं," सयाजीने पडद्यावर बोट ठेवून सांगितले. "लय लांबचं हाय. ग्वाल्हेर."

"लांबचं नाही," तात्या म्हणाले. "सातवी पिढी. माझ्या हातची नोंद आहे."

गुरुजींना विचारण्यात आले. "सातव्या पुरुषापर्यंत दहा दिवस सुतक," ते म्हणाले. "सुतकात लग्न नाही."

"पण गुरुजी, आमच्यातल्या कोणी त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही," तात्यांची पत्नी क्षमाताई म्हणाल्या.

"सुतक पाहण्याचं नसतं, कळण्याचं असतं. कळलं नसतं तर लागलं नसतं."

सगळ्यांनी तात्यांकडे पाहिले. तात्यांनी गांभीर्याने मान डोलावली. सूचना अवघ्या चार मिनिटांत पोचली होती, याचा त्यांना त्याही स्थितीत अभिमान वाटत होता.

दुसरा मुहूर्त एप्रिलातला. या वेळी ह्यूस्टनचे एक बोरखळकर वारले. ते तिकडच्या बुधवारी वारले की आपल्याकडच्या गुरुवारी, यावर सातारा आणि सांगली यांच्यात दोन दिवस मतभेद राहिले. तेवढ्यात इंदूरच्या एका काकूंची दुःखद सूचना आल्यामुळे तो प्रश्न निकाली निघाला.

विहीणबाईंचा सांगलीहून फोन आला. त्या शांतपणे बोलत होत्या, म्हणून तात्या जास्त घाबरले.

"तात्यासाहेब, तुमच्याकडे मरणं फार."

"कुळ मोठं आहे, वहिनी."

"आमचं लहान आहे. मेमध्ये अधिक महिना लागतो, त्याच्या आधीचा शेवटचा मुहूर्त घ्या. तो चुकला तर शौनक एकटाच मस्कतला जाईल, आणि पुढचं मी आज काही बोलत नाही."

अपूर्वाने फोनमधले सगळे ऐकले होते. "बाबा," ती म्हणाली, "ह्यूस्टनच्या काकांना मी आहे हे तरी माहीत होतं का?"

"वेबसाइटवर तुझी नोंद आहे."

"मग माझ्या लग्नाचीही एक करून टाका. प्रत्यक्ष काही होईलसं दिसत नाही."

तात्यांनी प्रतिबंधक उपाय योजले. पंचाहत्तरीच्या पुढच्या सर्व बोरखळकरांसाठी वेबसाइटवर 'प्रकृतिमान' हे सदर उघडण्यात आले. त्यांना आपुलकीची पत्रे गेली: 'आपणास मेच्या मध्यापर्यंत उत्तम आरोग्य लाभो, ही श्रीचरणी प्रार्थना.' धारवाडच्या गृहस्थांनी उलट टपाली कळवले की आपण ठणठणीत आहोत. मात्र नातवाची मुंज जवळ आल्यामुळे वडूजच्या बापूकाकांचे काय धोरण आहे, ते कळावे. ज्या कुळात शंभर वर्षांत कोणी कोणाची विचारपूस केली नव्हती, तिथे आता सकाळ-संध्याकाळ खोकल्याची चौकशी होऊ लागली. सांगलीत तर एका आजोबांना, तुम्हाला श्रीखंड झेपत नाही, म्हणून सर्वानुमते पंगतीतून उठवण्यात आले.

बापूकाका हे नात्याने तात्यांच्या वडिलांचे सख्खे चुलतभाऊ. वय ब्याण्णव, मुक्काम वडूज, मागे-पुढे कोणी नाही. तात्यांना कृष्णेत पोहायला त्यांनीच शिकवले होते, म्हणजे पाण्यात ढकलून दिले होते. वेबसाइटवरची निम्मी माहितीही त्यांनीच तोंडी पुरवली होती. प्रकृतिमान सदरात त्यांच्या नावापुढे 'अतिसंवेदनशील' असा शेरा होता.

शेवटी तोडगा क्षमाताईंनी काढला. त्या मेथी निवडत होत्या.

"मी काय म्हणते, गणोबा आणि आपले ते सर्वांत जुने पुरुष, यांच्यात खरंच कोणी नव्हतं?"

"असणार की. एकाच माणसाला सव्वाशे वर्षं मुलं होत नाहीत."

"मग गेले कुठे?"

"नावं मिळाली नाहीत. पदं रिक्त आहेत."

"मग भरा," क्षमाताई म्हणाल्या आणि मेथीची काडी मोडली.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत इतका स्वच्छ प्रस्ताव तात्यांच्या टेबलावर आला नव्हता. ते लगेच गुरुजींकडे गेले.

"आठव्या पुरुषापासून चौदाव्यापर्यंत तीन दिवस," गुरुजी म्हणाले. "पंधराव्यापासून नुसतं स्नान."

तात्यांनी हिशेब केला. सातव्या पिढीचे पंधराव्यावर जायचे तर आठ पूर्वज लागत होते. फेरफार मोठा असल्याने सांगलीची संमती आवश्यक होती. नरहरपंत दुसऱ्याच दिवशी एसटीने साताऱ्यात आले, कारण त्यांच्याही नातीचे मेमध्येच लग्न होते.

"तत्त्वतः मान्य," चहा बशीत ओतत ते म्हणाले. "पण आठांत सांगलीचे किती?"

"पूर्वज आहेत, नरहरी. समिती नाही."

"म्हणूनच विचारतो. समिती पाच वर्षांनी बदलते."

चार सातारा, चार सांगली असे ठरले. दोन्हीकडून एकेक जास्तीचे नाव घेऊन प्रतीक्षा यादीही करण्यात आली. मग एकेका पूर्वजाचे जन्ममृत्यू आणि कर्तृत्व निश्चित करायला दोघे बसले.

"आमचे नागोपंत," नरहरपंत म्हणाले. "त्यांनी सांगलीत कृष्णेवर घाट बांधला."

"घाट दुसऱ्यांनी बांधलाय. दगडावर नाव आहे."

"मग दुरुस्त केला."

"दुरुस्तीला पुरावा?"

"घाट अजून उभा आहे, हा पुरावा नाही?"

तात्यांना हे पटले. त्यांनी आधाराच्या रकान्यात 'मौखिक परंपरा' असे भरले. साताऱ्याच्या भानोबांना त्यांनी माफक शौर्य दिले आणि एका लढाईत जखमी करून सुखरूप परत आणले. ठार केले असते तर पुढची पिढी अडली असती.

"आता शेवटचं," नरहरपंत आवाज खाली आणून म्हणाले. "सातारा आणि सांगली या आठांच्या खाली येणार. बाकी सगळे पलीकडे, जिथल्या तिथे. वडूज कुठल्या बाजूला?"

तात्यांनी चष्मा पुसला. "बापूकाका सख्खे आहेत, नरहरी. तुझ्यामाझ्या आजोबांचे पुतणे."

"ब्याण्णव वर्षांचे आहेत."

"परवाच बोललो फोनवर. आवाज खणखणीत आहे."

"मोरेश्वररावांचाही होता म्हणे."

अपूर्वा आतल्या खोलीत पत्रिकांवरची तारीख दुसऱ्यांदा खोडून वर नवी लिहीत होती. पेनाची कुरकुर बाहेर ऐकू येत होती. तात्या म्हणाले, "पलीकडे."

त्याच संध्याकाळी सयाजीच्या कॅफेत आठ नेमणुका झाल्या. सयाजी मागे उभा राहून पाहत होता.

"तात्या, ही मान्सं कवाची?"

"दोनशे वर्षांपूर्वीची."

"आन् आज कळली व्हय?"

"संशोधन चालू असतं, सयाजी."

"आमच्यात बी लावा की गड्या दोन-तीन. भावकी लय डोक्यावर बसलीया."

लग्नाच्या आदल्या दिवशी अपेक्षेप्रमाणे सूचना आली. धारवाडचे ठणठणीत गृहस्थ गेले. सांगलीच्या कार्यालयात मात्र कसलीही धांदल उडाली नाही. गुरुजींनी "स्नान" एवढेच म्हटले, मंडळी टॉवेल घेऊन रांगेत उभी राहिली, गरम पाणी संपल्याबद्दल मुलीकडच्यांनी व्यवस्थापकाला झापले, आणि दुसऱ्या दिवशी मुहूर्तावर अक्षता पडल्या. अपूर्वा हसत होती. विहीणबाईसुद्धा एकदा हसल्याचे दोघांनी पाहिले.

पंगतीला वडूजहून बापूकाका आले होते, काठी टेकत. त्यांनी चार जिलब्या खाल्ल्या, पाचवी मागितली आणि वाढायला आलेल्या तात्यांचे मनगट धरले.

"काय रं, त्या पोरांनी दाखवलं मला तुझं यंत्र. मी तुझा आता कोण?"

तात्यांनी घाईघाईने पाचवीबरोबर सहावीही वाढली. "काका, ती फक्त तांत्रिक—"

"आरं, घाबरतोस काय? बरं झालं. सांगलीतला कोण मेला की मी या वयात दहा दिवस सुतक पाळायचो. सुटलो." ते पुन्हा जिलबीकडे वळले आणि जरा वेळाने म्हणाले, "पोहणं मात्र मीच शिकवलं होतं तुला. का ते बी त्या नागोपंतानं?"

बापूकाका श्रावणात गेले. वेबसाइटवर नोंद करणारे त्यांच्या मागे कोणी नसल्याने सूचना आली नाही. वडूजच्या शेजाऱ्याने फोन केला. वंशवृक्षानुसार ते साताऱ्याच्या शाखेचे पंधरावे लागत होते, आणि नियमाप्रमाणे एक आंघोळ पुरेशी होती. तात्यांनी दोन केल्या. क्षमाताईंनी कारण विचारले, तेव्हा पहिल्या वेळी साबण राहिला, असे त्यांनी सांगितले. संध्याकाळी ते सयाजीकडे गेले, उशी ठेवून बसले आणि बराच वेळ "लाव" म्हणालेच नाहीत.

नागोपंतांचे मात्र उत्तम चालले आहे. त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनाला अमेरिकेहून निमिष आला, त्याने घाटाच्या पायऱ्यांचे व्हिडिओ शूटिंग केले आणि एका पायरीला हात लावून डोळे पुसले. नरहरपंतांचे तासभर भाषण झाले. भानोबांच्या जखमेवरून साताऱ्यात दोन गट पडले आहेत. एक उजवा खांदा मानतो, दुसरा डावा. धारवाडच्या शाखेने नागोपंत मूळचे धारवाडचेच असल्याचा दावा दाखल केला आहे, आणि तो विचाराधीन आहे.

हे वाचून ज्यांना हसू आले असेल, त्यांनी आपल्या पणजोबांच्या वडिलांचे नाव एकदा मोठ्याने उच्चारून पाहावे. आठवले तर आनंदच आहे. न आठवल्यास तात्या दुपारी जेवणानंतर सयाजीच्या कॅफेत असतात. प्रतीक्षा यादीवर दोन पुरुष अद्याप शिल्लक आहेत, त्यांतला एक वैद्य होता.