पाऊण गोल

निखाडेभाऊंच्या हातून कपबशी फुटली की तुकडे गोळा करता करता ते म्हणायचे, "पॉइंट एक वाढलं." कोणाची स्कूटर स्टँडवर चढत नसली की हे बाजूला उभे राहून बघायचे. मदत करायचे नाहीत. चौथ्या खेपेला ती चढली की पुन्हा तेच म्हणायचे. आमच्या कँटीनच्या नव्या आचाऱ्यानं पहिल्याच दिवशी भाजी करपवली. सगळे त्याच्या नावानं खडे फोडत होते आणि निखाडेभाऊ ती भाजी शांतपणे खात म्हणत होते, "वाढून राहिलं त्याचं."

हिंगण्याच्या एका कारखान्यात ते टर्नर. लेथ मशीनवर सत्तावीस वर्षं काढली. मी त्याच खात्यात सुपरवायझर. मी कसा माणूस आहे ते पुढं कळेलच, आणि ते फारसं चांगलं नाही.

हे 'पॉइंट एक' आलं एका कॉम्प्युटरवरच्या खेळातून. त्यांची मुलगी लग्न होऊन रायपूरला गेली, तिचा कॉम्प्युटर निखाडेभाऊंच्या बेसा गावातल्या घरी राहिला आणि त्यात हा खेळ राहिला. हजारो लोक आपापल्या घरून एकाच वेळी तो खेळतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. कोणी तलवारबाज होतो, कोणी मांत्रिक. निखाडेभाऊंनी लोहार निवडला. बाकीचं जग राक्षस मारत हिंडायचं आणि हे गावाबाहेर खिळे ठोकत बसायचे. पहिली पाळी करून कंपनीच्या बसनं घरी यायचं आणि चार ते सहा लोहारकाम करायचं. दिवसभर लोखंड आणि घरी आल्यावर पुन्हा लोखंडच. त्यांना आराम सोसत नाही, असं त्यांची बायको, आमच्या वहिनी म्हणायच्या.

खेळाचे नियम त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत समजावून सांगितले. घण मारत राहिलं की कसब दशांशानं वाढतं. शून्यापासून शंभरपर्यंत. पहिले तीस भराभर मिळतात, साठच्या पुढं एकेका दशांशाला जीव काढतं. सोपं काम हजार वेळा केलं तरी आकडा हलत नाही. जमेल की नाही अशी धाकधूक असेल, तेच काम हाती घ्यावं लागतं.

"अन् मजा आयका," ते म्हणाले, "काम बिघडलं तरी वाढते. आपल्या इथं बिघडलं का मेमो भेटते."

मग त्यांनी सगळ्या जगालाच आकडे लावले. वहिनींचं वरण शंभर, म्हणजे आता आणखी वाढायला जागा नाही. हे त्यांनी कौतुकानं सांगितलं, तर वहिनींनी दोन दिवस वरणच केलं नाही. युनियनची माणसं दिसली की मॅनेजरला खोकला यायचा आणि ते केबिनमध्ये शिरायचे. तो खोकला पंच्याण्णव. आणि मला म्हणाले, "सायेब, तुमची सही नव्व्याण्णव हाये." मी हसलो. तो टोमणा होता हे कळायला मला बराच वेळ लागला.

आमच्या खात्यात भिंतीवर एक बोर्ड आहे. प्रत्येक कामगाराच्या नावापुढं गोल आणि गोलाचे चार भाग. शिकत असेल तर पाव भरायचा. कोणी जवळ उभं राहिल्यावर करत असेल तर अर्धा, एकटा करत असेल तर पाऊण. दुसऱ्याला शिकवू शकत असेल तर पूर्ण. ते भरायचा मार्कर सुपरवायझरच्या खिशात असतो. निखाडेभाऊंचा गोल नऊ वर्षं पाऊणच होता.

पूर्ण गोल झाला की वरची ग्रेड द्यावी लागते. मी सुपरवायझर झालो त्याच आठवड्यात मॅनेजरनं सांगितलं होतं, त्यांना आहे तिथंच राहू द्या. मी राहू दिलं. डिप्लोमा घेऊन कारखान्यात आलो तेव्हा लेथमध्ये जॉब धड पकडताही येत नव्हता मला. सहा महिने मी याच माणसाच्या खांद्यामागं उभा होतो. नुसत्या आवाजावरून हत्यार बोथट झाल्याचं ते सांगायचे आणि मग मशीन बंद करून माझ्याकडून तेच काम पुन्हा करून घ्यायचे. माझ्याआधीचे दोन सुपरवायझरही त्यांच्याच हाताखाली शिकले. आणि बोर्ड सांगत होता की या माणसाला शिकवता येत नाही.

त्यांनी विषय एकदाच काढला. "ग्रेड नोका देऊ सायेब. मले नोको, असं लिहून देतो मी. फक्त तेवढं पाव भरा." वर विचारतो, असं मी म्हणालो. विचारलं नाही. माझी स्वतःची बढती तेव्हा वर अडकली होती.

निवृत्तीच्या आठवड्यात त्यांचा गुडघा सुजला आणि ते कामावर येईनात. म्हणून त्यांचा अनुभवाचा दाखला घेऊन मीच बेशाला गेलो. 'कौशल्य पातळी' या रकान्यात चारपैकी तीन लिहिलेलं होतं. खाली मॅनेजरची सही आणि तिच्याखाली माझी.

निखाडेभाऊ पाय स्टुलावर टाकून कॉम्प्युटरसमोर बसले होते. लोहाराचा आकडा एकसष्ट दिसला. दिवाळीत तर अठ्ठ्याण्णव सांगितला होता. खेळ बिघडला का, असं मी विचारलं.

बिघडला नव्हता. नव्वदच्या वर गेलं की त्या खेळात शिष्य घेता येतात. मात्र शिष्याला द्यायचे पॉइंट गुरूच्या खात्यातून जातात. निखाडेभाऊ वाटून वाटून खाली यायचे आणि पुन्हा खिळ्यांपासून सुरुवात करायचे. आता तिसऱ्यांदा चढत होते. शिकून झाल्यावर शिष्यानं एक बटण दाबलं, की त्याच्या नावाखाली गुरूचं नाव कायमचं लागतं.

"दाबलंच पायजे असं काई नाही," ते म्हणाले. "पन दाबते लोकं."

त्यांनी यादी उघडून दाखवली. एक्केचाळीस नावं होती. कोणी भोपाळचा, कोणी सोलापूरची बाई. यांच्यापैकी एकालाही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "हे रोज वाचते ते नावं. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

मला तिथं बसवेना. मी दाखला पुढं केला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. 'तीन'वर अंगठा जरा वेळ थांबला. मग मिळाल्याची सही करून त्यांनी पोचेची प्रत परत दिली.

माझी सुपरवायझरी सुरू झाल्यापासून ते मला साहेब म्हणायचे. त्या दिवशी विसरले.

"तुले मीच शिकवलं ना गा?"

"हो," मी म्हणालो, "तुम्हीच."

त्यांनी मान हलवली आणि वहिनींकडं पाहिलं, ऐकलं ना, अशा नजरेनं. त्या हो म्हणाल्या. माणसांनी भरलेल्या खात्यासमोर मी नऊ वर्षं जे बोललो नाही, ते मी त्या खोलीत बोललो. ऐकायला त्यांच्या बायकोशिवाय कोणी नव्हतं आणि तेवढ्यावरही त्यांनी माझा चहा गार झाला म्हणून दुसरा करायला सांगितला.