डाव्या हाताचा अर्ज

सरकार दयाळू असतं. फक्त दयेलाही शिस्त लागते. नाहीतर ती कुणावरही होऊन बसते.

चौसष्ट साली पटकीच्या साथीशी झुंजताना जे सेवक मेले किंवा अपंग झाले, त्यांना भरपाई देण्यासाठी जिल्ह्यात एक खास कचेरी उघडली. मेलेल्यांचं काम तिथं झटपट व्हायचं. मेलेला माणूस समजूतदार. मधे बोलत नाही, बसायला खुर्ची मागत नाही, उद्या येऊ का म्हणून विचारत नाही. (मृतांकडून आलेल्या तक्रारी : शून्य टक्के.) सगळा घोळ घातला तो जिवंत राहिलेल्यांनी.

परंड्याचे दादामियाँ त्यातलेच. गावोगाव हिंडून पटकीची लस टोचायची आणि विहिरीत औषध टाकायचं, हे त्यांचं काम. ईट गावच्या एका विहिरीत औषध टाकताना शेवाळलेल्या पायरीवरून घसरले, ते उजव्या खांद्यावरच आदळले. तेव्हापासून उजवा हात नुसता लोंबतो. सुई धरता येईना म्हणून नोकरी गेली. भरपाई मिळाली तर घर चालणार, नाहीतर पोराबाळांसकट उपाशी, एवढी साधी गोष्ट होती.

दादामियाँनी कचेरीत जाऊन अर्ज पुढं केला. अर्थातच डाव्या हातानं.

अव्वल कारकून मल्लिकार्जुनअप्पा दचकून मागं सरले. "अहो, डाव्या हातानं सरकारला कागद देता? काही रीतभात?"

"उजवा उठत न्हाय, साहेब. त्याचाच तर अर्ज हाय."

"ते आम्हाला अर्ज वाचल्यावर कळंल. आधी नीट द्या!"

आता यात अप्पांचं काय चुकलं, सांगा. अर्ज उजव्या हातानं दिला तरच घ्यायचा, आणि उजवा हात चालत असेल तर भरपाई द्यायची नाही. दोन्ही नियम सुटेसुटे पाहिले तर नामी आहेत. (एकत्र पाहण्याचं काम दुसऱ्या खात्याकडं आहे.)

पुढच्या खेपेला दादामियाँनी डाव्या हातानं उजवा हात उचलला, बोटांत अर्ज खुपसला आणि टेबलावर ठेवला. अप्पांनी तिथल्या तिथं शेरा मारला : उजवा हात टेबलापर्यंत येतो. वा रे नजर! अशी माणसं सरकारला मिळतात कुठून, देव जाणे.

मग दादामियाँनी बायकोला पुढं घातलं. जमिलाबींनी पदर सावरून, उजव्या हातानं, रीतसर अर्ज दिला. अप्पांना गहिवरून आलं.

"फार वाईट झालं हो. कधी गेले?"

"या अल्ला! जातेत कुठं? ते काय, दारात उभे हायेत की!"

अप्पांनी दाराकडं पाहिलं नाही. बायको अर्ज देते तो मेलेल्यांच्या गठ्ठ्यात जातो, ही तिथली वहिवाट. भरपाई लगोलग मंजूर झाली. दादामियाँना इतका आनंद झाला, की ते धावत आत आले आणि त्यांनी अप्पांना कडक सलाम ठोकला. डाव्या हातानं.

अप्पांनी मंजुरीचा कागद परत ओढला. मेलेल्या माणसानं सलाम करावा, हे एक वेळ चालवून घेतलं असतं. पण डाव्या हातानं? मंजुरी रद्द झाली. शेरा : मयत उद्धट आहे.

हल्ली दादामियाँ परंड्याच्या मोटार स्टँडजवळ चहा विकतात. चहा फक्कड असतो. आपण वास घेत थांबतो, डाव्या हातातला कप पुढं आला की "नको, आत्ताच घेतला" म्हणतो आणि चालू लागतो. उजवा हात धड होता तेव्हा तरी आपण कुठं थांबलो होतो? तो सुई घेऊन आला की आपण कडब्याच्या गंजीमागं लपायचो. त्या खमक्या माणसानं आपल्याला ओढून काढून टोचलं, म्हणून तर आज "नको" म्हणायला आपण जिवंत आहोत.