वॉटीचा फुकट पास

साठ वर्षं पूर्ण झाल्यावर पाचव्या दिवशी वॉटी गिलँडर्सच्या घरी टपालानं बसचा फुकट पास आला आणि सातव्या दिवशी त्यानं गाडी विकून टाकली.

निर्णय तसा साधाच होता, असं वॉटीचं आजही म्हणणं आहे. स्कॉटलंडभर कुठल्याही बसनं फुकट हिंडता येत असेल तर दारात गाडी ठेवून तिला पेट्रोल पाजायचं कशाला? हिशेब चोख होता. फक्त आमच्या ग्लेनार्डलला दिवसातून एक बस येते, तीही आठवड्यातून तीन दिवस, एवढी एक बारीक गोष्ट त्या हिशेबात बसवायची राहून गेली.

फुकट हा शब्द वॉटीला फार भुरळ घालतो. माझ्या दुकानात एकदा बिस्किटांच्या दोन पुड्यांवर एक पुडा फुकट ठेवला होता. दुसऱ्या दिवशी वॉटी आला, विकत घेतलेले दोन पुडे परत केले, पैसे मागितले आणि फुकटचा ठेवून घेतला. (मी पैसे दिले. अशा माणसाशी वाद घालण्यापेक्षा त्याची गोष्ट दहा गिऱ्हाइकांना सांगण्यात जास्त नफा असतो.)

पण पासाच्या बाबतीत त्याचं दुःख खरं होतं. बायको इशबेल त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, त्यामुळे तिला पास दोन वर्षं आधी मिळाला. दोन वर्षं दोघं एकाच बसमध्ये शेजारी शेजारी बसून जायची. इशबेल यंत्राला पास टेकवायची, यंत्र टुण्णकन वाजायचं, की ती आत. मग वॉटी पुढे व्हायचा आणि चार पौंड चाळीस पेन्स मोजायचा. ड्रायव्हर रोना ते तिकीट त्याच्या हातात न देता इशबेलकडे द्यायची. म्हणायची, तूच ठेव, हे बाळ हरवेल. रोना वयानं चाळिशीतली, पण स्टिअरिंगमागे बसली की सत्तरीच्या म्हाताऱ्यालाही बाळ म्हणते. बाकी कुणाला त्याचं काही वाटत नाही. वॉटीला वाटायचं, कारण तिकीट काढणारा बसमध्ये तो एकटाच असायचा.

त्यात वॉटी काही साधा प्रवासी नव्हे. कौन्सिलच्या वाहतूक कचेरीत तेहतीस वर्षं त्यानं वेळापत्रकं लावली. आमच्या खोऱ्यातली कुठली बस कुठल्या फाट्यावर किती वाजता येते, हे तो झोपेतही सांगे. (इशबेल म्हणते, सांगतोच. तोंडावर उशी ठेवावी लागते.)

आता इशबेलच्या डम्पलिंगकडे येऊ. पीठ, मनुका, काकवी आणि मसाले कालवून, फडक्यात बांधून चार तास उकडलेला हा गोळा आमच्याकडे घरोघरी होतो. पण पोर्टलेरीच्या जत्रेतल्या स्पर्धेत मान त्याच्या सालीला. गोळा फडक्यातून काढून विस्तवापुढे वाळवला की त्यावर गुळगुळीत, चकाकती साल धरते. परीक्षक आधी त्या सालीवरून बोट फिरवतात, चव मागाहून. गेल्या वर्षी इशबेलचा पहिला नंबर अर्ध्या गुणानं गेला. सालीला पोचा आला होता. कारण गाडीत वॉटीनं गोळ्याच्या डब्यावर हत्यारांची पेटी ठेवली होती. पेटी घसरू नये म्हणून.

इशबेल त्यावर काही बोलली नव्हती. चौतीस वर्षांच्या संसारात ती ज्या गोष्टींवर काही बोलली नाही, त्या वॉटीला सगळ्या तारखांसकट पाठ आहेत.

यंदा तिनं डम्पलिंग रोनाच्या बसनं पाठवायचं ठरवलं. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. औषधं, चष्मे, दुरुस्तीचे बूट, एकदा तर अंडी उबवणारी कोंबडी, सगळं रोनाकडे द्यायचं. ते पुढच्या ड्रायव्हरच्या हातात, तिथून पुढच्याच्या हातात पडतं आणि पत्त्यावर पोचतं. माणसानं सोबत जायची गरज नाही.

वॉटी म्हणाला, मी जाणार. पास आहे, पैसा लागत नाही, आणि गेल्या वर्षीचं जे काही झालं ते मला भरून काढायचंय.

"जत्रेच्या दिवशी तिकडची बस..." इशबेल म्हणाली.

"साडेनऊची. ब्रे फाट्यावरून. इशबेल, ते वेळापत्रक कुणी लावलंय?"

इशबेलनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "बरं, जा."

एवढ्या लवकर ती कधी बरं म्हणत नाही. हे वॉटीच्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी तिनं बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा सुतळीनं चारी बाजूंनी आवळून त्याच्या हातात दिला. उघडायचा नाही, हलवायचा नाही, आणि त्यावर काही ठेवायचं नाही, अशा तीन सूचना दिल्या. वॉटी आठ चाळीसच्या बसमध्ये चढला, ऐटीत पास टेकवला, यंत्र वाजलं. रोनानं त्याच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि म्हणाली की बाळाचा डबा छान आहे. तिच्या पायाशी आणखी एक पुठ्ठ्याचा खोका होता, जुन्या लोकरी शालीत गुंडाळलेला. वॉटीनं त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. असं काही ना काही तिच्या पायाशी नेहमीच असतं.

सव्वानऊला ब्रे फाटा आला. इथं रोनाची बस डावीकडे किलमोरनला वळते आणि पोर्टलेरीला जाणाऱ्यांनी उतरून दुसरी बस धरायची. फाट्यावर एक पत्र्याची शेड, एक बाक आणि मेंढ्या. मोबाइलला रेंज नाही. पोर्टलेरी तिथून एकोणीस मैल.

फाट्यावर डूगलचा ट्रक उभा होता. डूगल खोऱ्यातल्या शेतांवर जनावरांचं खाद्य पोचवतो. रोनानं काच खाली करून शालीतला खोका त्याच्याकडे दिला. डूगलनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि शेजारच्या सीटवर ठेवून त्याला पट्टा बांधला.

"वॉटी, तू पण बैस," तो म्हणाला. "जत्रेलाच चाललोय."

वॉटी हसला. सगळीकडे खाद्याचा वास भरलेल्या ट्रकमधून स्पर्धेचा माल पाठवणारी माणसं असतात तरी कशी, असं त्याच्या मनात आलं. त्यानं नम्रपणे सांगितलं की माझ्याकडे पास आहे.

"बाळा, ती बस आज..." रोना म्हणाली.

"रोना, तू चालव. कधी येते ते मला माहीत आहे."

रोनानं डूगलकडे पाहिलं. डूगलनं मेंढ्यांकडे पाहिलं. मग दोघं दोन दिशांना निघून गेले.

साडेनऊ वाजले. नऊ पस्तीस झाले. पावणेदहाला वॉटीनं तिकडचा ड्रायव्हर आळशी असल्याचं एका मेंढीला सांगितलं. दहाला पाऊस आला, तसा त्यानं डबा कोटाच्या आत घेतला. सव्वादहाला त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि शेडमधल्या वेळापत्रकापाशी गेला.

साडेनऊच्या पुढे एक चांदणी होती. चांदणीचा अर्थ कागदाच्या अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापला होता: फक्त पोर्टलेरीच्या शाळा चालू असतील त्या दिवशी.

आणि पोर्टलेरीच्या शाळांना आज सुट्टी होती. जत्रा होती ना. म्हणजे जत्रेला जाणारी बस जत्रेमुळे बंद होती.

ही चांदणी कुठल्या गाढवानं घातली, हे वॉटीला विचारायची गरज नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी त्यानंच घातली होती. तळाची ओळ इतक्या बारीक अक्षरात बसवली म्हणून वेळापत्रक एका कागदावर मावलं, आणि कागद वाचवल्याबद्दल साहेबांनी त्याची पाठ थोपटली होती. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं इशबेललाही सांगितलं होतं.

डम्पलिंग द्यायची वेळ अकरापर्यंत. त्या रस्त्यानं आता जाणार कोण? जाणारे सगळे पहाटेच गेले होते. पावणेअकराला एक मोटार आली, पण उलट्या दिशेनं. अकरा वाजले. वॉटी बाकावर बसला आणि डबा मांडीवर घेतला.

रोनाची परतीची बस चार वाजून दहा मिनिटांनी. पाच तास. सोबत खायला काही नव्हतं, कारण पोर्टलेरीला जत्रेत काहीतरी फुकट चाखायला मिळेल असा त्याचा अंदाज होता. दुपारी भूक इतकी लागली की डब्यातून मनुकांचा वास येतोय असं वाटायला लागलं. त्यानं सुतळीला हात लावला नाही. एक मेंढा शिंगं खाली घालून शेडमध्ये शिरला तेव्हा तो डबा डोक्यावर धरून बाकावर उभा राहिला आणि तसाच पंचवीस मिनिटं राहिला. (मेंढा नुसताच पाऊस थांबायची वाट पाहत होता असं नंतर निघालं.) पण वॉटीनं मनाशी ठरवलं होतं. नंबर गेला तो गेला. निदान यंदा सालीवर ओरखडा उमटू द्यायचा नाही. पोचवता आलं नाही, पण डम्पलिंग जसंच्या तसं परत आणलं, एवढं तरी तिला सांगता आलं पाहिजे.

चार दहाला रोना आली. वॉटीनं पास टेकवला, यंत्र टुण्णकन वाजलं.  रोनानं हीटर वाढवला.

पाच वाजता तो घरी पोचला. इशबेलनं चहाचं आधण ठेवलं होतं आणि ती गाणं गुणगुणत होती. ती गुणगुणते म्हणजे तिला अजून काही कळलेलं नाही, असं वॉटीनं धरलं. डबा टेबलावर ठेवून, ओली टोपी काढून तो उभा राहिला.

"इशबेल, पोचलं नाही. चूक माझी. चांदणीसुद्धा माझीच. पण तुझी शप्पथ, एक ओरखडा नाही."

"उघड बघू," इशबेल म्हणाली.

त्यानं सुतळी सोडली, झाकण काढलं. गोळ्याचा एक तुकडा त्रिकोणी कापलेला होता.  मी हात लावला नाही, मेंढ्यानंही लावला नाही, असं तो सांगणार, एवढ्यात त्याचं लक्ष वरच्या सालीकडे गेलं. सालीला एक लांबट, चौकोनी कडेचा पोचा होता. हत्यारांच्या पेटीच्या कोपऱ्याएवढा. त्या पोच्याची आणि त्याची ओळख जुनी होती.

"गेल्या वर्षीचं आहे," इशबेल म्हणाली. "परीक्षकांनी तुकडा चाखला होता. उरलेलं फ्रीजरमध्ये पडून होतं."

"आणि यंदाचं?"

"पहिला नंबर. दोन वाजता डूगलचा फोन आला. पट्टा बांधून नेलं म्हणाला."

वॉटी खुर्चीत बसला. 

"मग मला कशाला पाठवलंस?"

"तुला पास वापरायचा होता ना."

तिनं गेल्या वर्षीच्या डम्पलिंगचे दोन जाड काप केले, लोण्यात तळले आणि त्याच्यापुढे ठेवले. सकाळपासून उपाशी असलेला माणूस काय रुसणार? त्यानं खाल्ले. दुसऱ्या कापाला हात घालता घालता त्याच्यातला हिशेबी माणूस शुद्धीवर आला.

"डूगलनं किती घेतले?"

"काही नाही," इशबेल म्हणाली. "फुकट नेलं."