भिंतीपलीकडचं दूध

दूध नासलं तेव्हा चार वाजले होते, आणि सातला गावातली सगळी मराठी घरं, म्हणजे मोजून सात, कोजागिरीसाठी सुनेत्राच्या मागच्या अंगणात यायची होती.

"आई, याच्यावर पुढच्या आठवड्याची तारीख आहे हो!" प्लास्टिकचा रिकामा कॅन नाचवत सुनेत्रा म्हणाली.

"तारीख कॅनवर छापलीय. दुधाला कुणी वाचून दाखवली नसेल," शैलजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. पातेल्यात केशर, बदाम आणि वेलदोड्यासकट उत्तम पनीर तयार झालं होतं.

सुनेत्राने रिकामा कॅन सिंकमध्ये आपटला. दुधासाठी नव्हे. सासूबाईंनी जाहीर करून ठेवलं होतं की कोजागिरी झाली की त्या साताऱ्याला परत जाणार. सहा महिन्यांसाठी आलेली बाई एक महिना आधीच निघाली होती. पुढच्या बुधवारचं तिकीट नवऱ्याने, म्हणजे विवेकने, काढूनही ठेवलं होतं. नागपूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या सुनेत्राला या देशाच्या व्हिसाने नोकरी करायची बंदी घातली होती. घरात गाडी एकच, ती सकाळी विवेक ऑफिसला घेऊन जायचा. मागे उरायच्या त्या फक्त सासूबाई. आता त्याही गेल्या की दिवसभर बोलायला फ्रिज. तोही अमेरिकन, नुसता गुरगुरणारा.

आणि शैलजाबाईंचं तरी काय चुकत होतं? साताऱ्यात त्या पाण्यासाठी रिकामी घागर घेऊन नगरपालिकेत ठिय्या देऊन बसलेल्या. रोज दोन वेळा मंडईत पायी जाणाऱ्या. इथे आल्यापासून त्यांचे पाय गाडीच्या पायपुसण्याखेरीज कशाला लागलेच नव्हते. "तुरुंगातसुद्धा कैद्यांना दिवसातून एकदा फिरायला सोडतात गं," असं त्या जूनमध्येच म्हणाल्या होत्या. तेव्हा सुनेत्राने त्यांना खिडकीपाशी नेलं होतं आणि घराच्या मागे चाललेलं बांधकाम दाखवून म्हणाली होती, "आई, सप्टेंबरपर्यंत थांबा. इथे बाजार होतोय. रोज चालत जाऊ. भाजी घेऊ, बाकावर बसू."

त्या आशेवर म्हातारी थांबली.

ह्यूस्टनपासून तीन तासांवरचं हे शहर. ना धड मोठं, ना धड लहान. अशा शहरांना त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सहा साली, बांधकामाची खरूज झाली होती. जिथे खाजवावं तिथे दुकानांची रांग उठत होती. घराच्या मागे पूर्वी तळं होतं आणि त्यावर बगळे यायचे. बिल्डरने तळं बुजवलं, बगळे हाकलले आणि जागेचं नाव ठेवलं 'हेरॉन पॉइंट टाउन सेंटर'. हेरॉन म्हणजे बगळा. बगळा उरला नव्हता, टाउन चार मैलांवर होतं आणि सेंटरच्या ऐन मध्यावर गाड्या उभ्या करायची जागा होती. माणसाला देशोधडीला लावायचं आणि मग त्याच्याच नावाने धर्मशाळा बांधायची, त्यातला प्रकार.

तरी दोघींनी ते बांधकाम दुपारच्या मालिकेसारखं बघितलं. भिंती जमिनीवर आडव्या ओतून मग क्रेनने उभ्या करतात हे पाहून शैलजाबाई म्हणाल्या होत्या, "आपल्याकडे भिंत बांधतात. हे लोक झोपलेल्या भिंतीला उठवतात." मग सुपरमार्केटची लाल पाटी लागली. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून इतकी जवळ दिसायची की हात लांबवून दूध घ्यावं. आणि मग, सगळ्यात शेवटी, त्यांचं अंगण आणि ते दुकान यांच्यामध्ये आठ फूट उंचीची भिंत उभी राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"फाटक ठेवतील गं," शैलजाबाई चार दिवस म्हणत राहिल्या.

फाटक कुणी ठेवलं नाही. विवेकला विचारलं की तो म्हणायचा, "आई, सिटीचे रूल्स असतात," आणि त्याला लगेच ऑफिसची ईमेल आठवायची.

आज दूध नासल्यावर सुनेत्राने त्याला फोन लावला.

"विवेक, येताना तीन कॅन दूध आण. आणि लगेच ये."

"अगं मी मीटिंगमध्ये आहे यार. सहाला निघतो, सात होतील."

"सातला लोक येतील! आम्ही चालत जातो मग."

"वेड लागलंय का? तीन मैल आहे ते!"

"खिडकीतून दिसतंय ते दुकान!"

"चंद्रपण दिसतो!" विवेक म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

शैलजाबाईंनी तोवर पायात बूट चढवले होते आणि हातात दोन कापडी पिशव्या घेतल्या होत्या. "चल," त्या म्हणाल्या. "चंद्र मागाहून. आधी दूध."

दुकानाकडे पाठ करून दोघी निघाल्या, कारण दुकानाकडे जायचं तर आधी दुकानापासून लांब जावं लागत होतं. वसाहतीतला प्रत्येक रस्ता वळणं घेत घेत कुणाच्या तरी गॅरेजपाशी गोल होऊन संपत होता. घरं तीनशे आणि बाहेर पडायचं तोंड एक. आत शिरायला सोपं आणि बाहेर पडायला अवघड अशी वस्तू आपल्याकडे उंदरांसाठी बनवतात.

मोठ्या रस्त्यावर आल्यावर शैलजाबाई थबकल्या. सहा पदरी रस्ता, आणि कडेला गुडघाभर गवताचा चर.

"फूटपाथ कुठाय?"

"तो बघा."

पुढे एका नव्या बँकेसमोर खरोखर फूटपाथ होता. पांढराशुभ्र, रुंद, बाजूला फुलझाडं. बँक सुरू झाली तिथे तो सुरू झाला आणि बँक संपली तिथे गवतात संपला.

"हा कुणासाठी बांधलाय?"

"नियमासाठी," सुनेत्रा म्हणाली.

पुढे दोघी चरातून चालल्या. साडीला कुसळं चिकटली. तीन गाड्यांनी हॉर्न मारले, एका पोराने खिडकीतून हात काढून काहीतरी ओरडून घेतलं, आणि एका म्हातारीने गाडी थांबवून त्यांना चर्चचा पत्ता सांगितला. तिथे बेघर लोकांना गरम जेवण मिळतं म्हणे.

"काय म्हणाली गं?"

"जेवायला बोलावतेय."

"चांगली आहे बिचारी. पण दूध कुठे मिळेल ते विचार."

चौकात रस्ता ओलांडायचं बटण होतं. ते दाबलं. बऱ्याच वेळाने दिव्यातला माणूस चालायला लागला, आणि दोघी तिसऱ्या पदराशी पोचेपर्यंत थांबलासुद्धा. शैलजाबाई मात्र थांबल्या नाहीत. त्यांनी पिशवीचा हात उंच केला आणि साताऱ्याच्या पोवई नाक्यावर एसटी थांबवावी तशी सहाच्या सहा पदरांवरची वाहतूक थांबवली. पलीकडे पोचतात तोच मागून निळेलाल दिवे लखलखले.

पोलीस तरुण होता, गोरा, अदबीने बोलणारा. कुणीतरी त्याला फोन केला होता की दोन बायका रस्त्यावरून चालतायत.

"मॅम, गाडी बंद पडली का तुमची?" त्याने इंग्रजीत विचारलं.

"गाडी नाहीये. दूध आणायला चाललोय," सुनेत्रा म्हणाली.

"चालत?" हा शब्द त्याने अशा आवाजात उच्चारला, की जणू दोघी भर चौकात अंघोळ करताना सापडल्या असाव्यात.

"काय म्हणतोय हा?" शैलजाबाईंनी विचारलं.

"इथे चालणं धोक्याचं आहे म्हणतो."

"त्याला सांग, चालणं धोक्याचं नसतं. मी सत्तर वर्षं चालतेय. तुमचा रस्ता धोक्याचा आहे."

सुनेत्राने सांगितलं. पोलिसाने टोपी मागे सरकवली, रस्त्याकडे पाहिलं, चराकडे पाहिलं आणि कबूल केलं की या काकूंचं बरोबर आहे. पण नियमाप्रमाणे तो त्यांना चालू देऊ शकत नव्हता. मधल्या जाळीमागच्या सीटवर बसवून तो त्यांना दुकानापर्यंत घेऊन गेला. दूध घेऊन होईपर्यंत दाराशी उभा राहिला. नंतर परत सोडायलाही निघाला, कारण पुन्हा चालू द्यायचं तर पुन्हा फोन आला असता.

वसाहतीच्या तोंडाशी शाळा सुटल्यासारखी गाड्यांची रांग लागली होती. त्यात अर्धा तास गेला. पोलिसाची गाडी दारात आली तेव्हा पाहुणे गाड्यांमधून उतरत होते.

"अगं बाई!" नंदाकाकूंच्या हातातला डबा वाकडा झाला. "सुनेत्रा! काय केलंत तुम्ही?"

"दूध आणलं," शैलजाबाई मागचं दार कुणी उघडायची वाट बघत आतून म्हणाल्या. ते दार आतून उघडत नाही.

पोलिसाने दार उघडलं, दुधाचे तिन्ही कॅन उचलून आत नेऊन ठेवले, शैलजाबाईंना वाकून नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि तो गेला. मागोमाग विवेकची गाडी आली. त्याचा चेहरा दुधापेक्षा पांढरा होता.

दूध आटवायला वेळ नव्हता. साखर जास्त घालून निभावलं. पातेलं अंगणात नेलं, सगळे गोल करून बसले आणि सगळ्यांनी मान वर केली.

चंद्र नव्हता.

म्हणजे असणार कुठेतरी. पण भिंतीपलीकडून पार्किंगच्या खांबांवरचे दिवे असे काही पेटले होते की आभाळ वरणासारखं पिवळं झालं होतं. दुधाच्या पातेल्यात एकाऐवजी सहा चंद्र पडले, आणि सहाही दुकानदाराचे. आठ फुटांची ती भिंत उजेड अडवत नव्हती, आवाज अडवत नव्हती, तळलेल्या कोंबडीचा वास तर अजिबात अडवत नव्हती. अडवत होती फक्त चालत जाणारा माणूस.

"कोणत्या गाढवानं ही भिंत बांधली असेल?" शैलजाबाई म्हणाल्या.

"बांधली बिल्डरनं हो," जगन्नाथकाका दुधाचा घोट घेत म्हणाले. नंदाकाकूंचे हे यजमान. तीस वर्षांपासून या गावात, त्यामुळे त्यांना सगळं ठाऊक, कुठे बोलू नये तेवढं सोडून. "पण मागितली आपल्या विवेकनं. विसरलास का रे? सिटी हॉलच्या सुनावणीत काय तडफदार बोललास! बिल्डर तर नुसतं कुंपण घालून मध्ये पायवाट ठेवणार होता. पेपरात फोटो आला होता की तुझा."

विवेकने रिकामा पेला पुन्हा तोंडाला लावला.

"विवेक," सुनेत्रा म्हणाली.

"अगं, मला वाटलं, प्रायव्हसी... कोणीही अंगणात येईल... आई, तूच सांग, घराला कंपाउंड वॉल नको का?"

"तुझ्या बापानं कंपाउंड वॉलपायी शेजाऱ्याशी वीस वर्षं खटला लढवला," शैलजाबाई म्हणाल्या. "पण त्या भिंतीतसुद्धा फाटक होतं रे! त्यातून शेजारीण माझ्याकडे विरजण न्यायला यायची."

"सॉरी, आई."

"माझं तिकीट कधीचं आहे?"

"बुधवारचं."

सुनेत्राने मान खाली घातली.

"आणि तो तुझा सिटी हॉल कधी उघडा असतो?"

"मंगळवारी सभा असते. पण पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या—"

"मग तिकीट रद्द कर."

त्या मंगळवारी शैलजाबाई इरकली साडी नेसून सिटी हॉलच्या माईकसमोर उभ्या राहिल्या. प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटं. बिल्डरचा वकील आधीच बोलून गेला होता, की भिंत आम्हाला नकोच होती, लोकांनी मागितली म्हणून बांधली. त्याने वर्तमानपत्रातला विवेकचा फोटो मोठा करून आणला होता. दाराशी तो तरुण पोलीस ड्यूटीवर उभा होता. शैलजाबाईंना बघून त्याने टोपीला हात लावला.

दुभाषा म्हणून विवेकलाच उभं केलं होतं. दुसरं कोण होतं?

"तुम्ही दुकान बांधलं, रस्ता बांधला, बँकेसमोर शोभेचा फूटपाथ बांधला," शैलजाबाई म्हणाल्या. "माणसाला पाय असतात हे तुमच्या नकाशावर कुणीच काढलेलं दिसत नाही."

विवेकने इंग्रजीत सांगितलं. मागच्या बाकावर कुणीतरी टाळी वाजवली.

"आणि ज्यानं ही भिंत मागितली तो मूर्ख आहे. पण तो माझ्या पोटचा मूर्ख आहे, त्याला मी बघून घेते. तुम्ही तर शिकलेसवरलेले. त्यानं मागितली म्हणून तुम्ही दिलीत कशी?"

विवेकने घसा साफ केला आणि इंग्रजीत सांगितलं की भिंतीची मागणी ज्या नागरिकाने केली, त्याचा दृष्टिकोन कदाचित मर्यादित असावा.

"माफ करा," पहिल्या रांगेतून सुनेत्रा उठून इंग्रजीत म्हणाली. "त्या 'मूर्ख' म्हणाल्या. तो शब्द राहिला."

सभागृह हसलं. अध्यक्षही हसले, मग गंभीर झाले आणि अशा वेळी जगातली प्रत्येक नगरपालिका जे करते ते त्यांनी केलं. त्यांनी समिती नेमली. या भागात चालणारी माणसं आहेत की नाहीत याचा तिने अभ्यास करायचा. मुदत सहा महिने.

"सहा महिने!" परतताना गाडीत विवेक स्टिअरिंगवर हात आपटत म्हणाला. "माणसं चालू शकत नाहीत तिथे चालणारी माणसं मोजणार! आई, तुझा व्हिसा नोव्हेंबरमध्ये संपतो."

"मुदत वाढवून घे," मागून शैलजाबाई म्हणाल्या. "आम्ही दोघी रोज चालणार. मोजायला माणसं नकोत का त्यांना? त्या पोलिसाला सांगून ठेवलंय मी."

सुनेत्रा खिडकीबाहेर बघत होती. हसू आवरायला तीच एक जागा होती.

"आई," मान वळवून तिने विचारलं, "फाटक मोठं मागायचं की लहान?"

"आधी लहान मागू," शैलजाबाई म्हणाल्या. "ते द्यायला त्यांना वर्ष लागेल. मग मोठं मागू."