शैलावहिनींची आढी

आमच्या शेजारच्या शैलावहिनींच्या दाराच्या कडीला रोज काही ना काही टांगलेलं असतं. पडवळ असेल तर गॅसचा नंबर लावायचाय, चहाची गाळणी असेल तर दाताच्या डॉक्टरांकडे जायचंय. पडवळाचा आणि गॅसचा संबंध काय, असं मी एकदा विचारलं. विचित्र काही दिसलं तरच मी थांबते, असं त्या म्हणाल्या. "डोळ्यांआड गेलं ना, की माझ्यालेखी ते जगातूनच गेलं."

त्यांचं ठरलेलं वाक्य म्हणजे "आलेच हां." ते ऐकलं की आम्ही शेजारणी आपापल्या कामाला लागतो. एकदा कोथिंबीर आणायला म्हणून निघाल्या आणि थेट आरे-वारेच्या समुद्रावर पोचल्या. वाटेत जुनी मैत्रीण भेटली, गप्पा अर्ध्यावर होत्या, म्हणून तिच्याबरोबर एसटीत चढल्या. परतल्या त्या ओंजळभर शिंपले घेऊन. घरी पोहे केव्हाच गार झाले होते. आम्ही पोटभर हसलो, त्याही हसल्या, आणि मग आमच्याकडे पाठ करून बराच वेळ एकच कढई घासत राहिल्या.

आढीच्या बाबतीत मात्र कोणी हसत नसे. ती त्यांच्या सासूबाईंची, माईंची. कलमांवरून उतरवलेले आंबे भाताच्या पेंढ्यात घालायचे, रोज उलटसुलट करून बघायचे, डागी दिसला की लगेच बाहेर काढायचा. वहिनी नव्या नवरी असताना माई माहेरच्या लग्नाला मंडणगडला गेल्या आणि आढी सुनेवर सोपवून गेल्या. वहिनी आंबे बघायला खोलीत शिरल्या, पेंढ्याखालच्या रद्दीत कोणीतरी अर्धवट सोडलेलं शब्दकोडं दिसलं, पेन शोधायला बाहेर आल्या आणि दार लोटलं ते लोटलंच. माई परतल्या तेव्हा कुजका वास अंगणापर्यंत आला होता.

माई ओरडल्या नाहीत. हिला आढीला लावू नका, एवढं घरात सांगून त्यांनी खोलीची किल्ली कमरेला खोचली, ती कितीतरी वर्षं तिथेच राहिली. आंब्याच्या दिवसांत वहिनी त्या दारासमोरून पावलांचा आवाज न करता जायच्या. मला ते बघवत नसे.

पन्नाशी उलटल्यावर लेकीने त्यांना पुण्याला डॉक्टरांकडे नेलं. एडीएचडी निघालं. हा आळस नव्हे, बेफिकिरीही नव्हे, लक्ष एका जागी ठरत नाही ही मेंदूची जन्मापासूनचीच घडण, असं डॉक्टरांनी समजावलं. गोळ्या सुरू झाल्या. वहिनी घरी आल्या त्या पर्स खांद्यावर तशीच ठेवून माईंना सांगायला धावल्या. पण घरातला चमचान् चमचा लक्षात ठेवणाऱ्या माई तोवर माणसं ओळखेनाशा झाल्या होत्या. थोडं आधी कळलं असतं तर काय बिघडलं असतं, असं माझ्या मनात अजून येतं.

यंदा आढी वहिनींनीच घातली. कडीला रोज एक कैरी टांगलेली असायची. परवा सकाळी मी गेले तेव्हा माई खोलीच्या दाराशी खुर्चीत होत्या आणि वहिनी पेंढ्यात बसून एकेक आंबा हुंगून बघत होत्या. "मी तेव्हा मुद्दाम नव्हतं केलं," हे आज माईंना पुन्हा सांगितलं, असं वहिनी मला म्हणाल्या. त्या रोज सांगतात. माई रोज "बरं" म्हणतात आणि विसरतात.

माई वहिनींचे हात निरखत होत्या.

"हात चांगला आहे गो तुझा. कोणाची तू?"

"इथलीच."

"मग एक कर. आमच्या शैलाला आढीला लावू नको हो. ती विसरते, आणि मग आत जाऊन रडते. कोणाला दाखवत नाही, पण मला ऐकू येतं."

वहिनींनी हातातला आंबा परत पेंढ्यात ठेवला.

"नाही लावत, माई," त्या म्हणाल्या. पिकलेला एक आंबा निवडून त्यांनी माईंच्या मांडीवर ठेवला आणि सुरी आणायला उठल्या. "आलेच हां."

बराच वेळ झाला तरी त्या आल्या नाहीत. मी हाक मारली नाही. त्यांच्या जागी पेंढ्यात बसले आणि उरलेले आंबे उलटत राहिले.