कपाटाचा कर्ण

कपाट पूर्ण झालं तेव्हा ते जमिनीवर आडवं होतं. दारातून आत यायचं नाही, म्हणून सुताराने ते सरांच्या झोपायच्या खोलीतच निजवून ठोकलं होतं. आता फक्त उभं करायचं बाकी होतं. छत शहाण्णव इंचांवर, कपाट पंच्याण्णव. मापं सरांनी स्वतः कागदावर लिहून दिली होती, खाली सहीसुद्धा. सर बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. सुताराने कागद वाचला, वर पाहिलं आणि नक्की ना, एवढंच विचारलं. सरांना तो प्रश्नही झोंबला होता.

दोघांनी जोर लावला. कपाट निम्म्याहून जास्त उठलं आणि वरचा कोपरा छताला टेकून अडला. पुन्हा खाली, पुन्हा वर. तिसऱ्या ठोक्याला वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. कुणी बोलावलं का, म्हणून विचारलं आणि आल्याच आहेत तर दारात खुर्ची टाकून बसल्या.

सर म्हणाले, छत खचलंय. टेप लावली. छत जागच्या जागी होतं.

"अहो," त्यांची बायको म्हणाली, "उठताना ते तिरकं होणार ना? तिरकं म्हणजे लांब."

कपाट दोन फूट खोल होतं. सरांनी सुताराच्या कानावरची पेन्सिल घेतली आणि प्लायवूडच्या तुकड्यावर काटकोन त्रिकोण काढला. कर्ण आला जवळजवळ अठ्ठ्याण्णव. हाच कर्ण त्यांनी बत्तीस वर्षं फळ्यावर काढला होता, पण फळ्यावर तो कधी कशाला अडला नव्हता. मग कर्ण शहाण्णव धरून ते उलटे निघाले आणि न कळलेली बाजू काढली: ब्याण्णव पूर्णांक पंच्याण्णव. उत्तर चोख होतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

"खालून सव्वादोन इंच कापा," ते हळूच म्हणाले.

सुताराने कापलं. कपाट अंग चोरून उभं राहिलं. काकू हिरमुसून वर गेल्या.

एरवी किती जागा सोडता, असं सरांनी सुताराला विचारलं.

"चार बोटं, सर. वडील सोडायचे."

"का?"

"ते नाही माहीत. सोडली की उभं राहतं."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुमची सही होती."

सरांनी त्याचा हात धरून चार बोटं टेपवर ठेवली. सव्वातीन इंच. शहाण्णवातून वजा केले, पावणेत्र्याण्णव उरले; आपल्या उत्तराशी ताडून पाहिले, बरोबर आत बसत होते. भुशाने माखलेल्या त्या बोटांकडे त्यांनी एकदा पाहिलं. एकही पायरी न दाखवता कुणाला पूर्ण गुण त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच दिले.