तीन महाराजांची चार तख्ते आणि रखमाजी पायगुडे यांचा फटका

॥ श्री जाळीदेवी प्रसन्न. चेंडू रेघेच्या आत राहो ॥

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, आषाढ मास. साहेबीं सेवकास पुसिले की, टेनिसाचे राज्यात बारा वर्षे तेच तिघे गादीवर बसतात, चौथा म्हणून वर येत नाही, हे काय गौडबंगाल आहे ते जावोन पाहणे आणि लिहून पाठविणे. सेवकास मुळातच चौकशा करण्याची खोड, त्यात आज्ञा जाहली, मग काय पुसता! तत्काळ निघालो, आणि जे डोळां पाहिले व कानी ऐकिले ते येथे लिहिले आहे.

ते राज्य ऐसे की मध्ये जाळी, दोहीं अंगांस रेघा मारिलेले मैदान, आणि वर्षातून चार वेळा चार तख्तांसाठी युद्ध. बारा वर्षांची अठ्ठेचाळीस तख्ते जाहली, पैकी पंचेचाळीस मोठे महाराज, मधले महाराज आणि धाकटे महाराज यांनी आपसांत वाटून घेतली, आणि उरलेली तीन कोणी नेली ते आता लोकांस आठवतही नाही. सेवकाने कारण शोधावयास प्रारंभ केला. गवत कापणारास पुसिले, तो म्हणाला बूट. मग वैद्यास पुसिले, तो म्हणाला पथ्य. मग हरलेल्या एका सरदारास पुसिले, तो म्हणाला, "नशीब हो त्यांचं, दुसरं काय," आणि नाक शिंकरून चालता जाहला. कोणाचेच मनास पटेना. अखेर रखमाजी पायगुडे यांची गाठ पडली. हे तिघांच्याही पदरी सरावाचे गडी. यांची कला ऐसी की सकाळी मोठ्या महाराजांसमोर उभे राहोन मधल्या महाराजांसारखे खेळत, जेणेकरून मोठ्यांस मधल्यांशी लढण्याचा सराव व्हावा. आणि दुपारी धाकट्यांकडे जावोन हुबेहूब मोठे महाराज होत, सर्व्हिस तीच, चाल तीच, घाम पुसण्याची तऱ्हाही तीच. त्यांस पुसिले, तेव्हा म्हणाले, "रावसाहेब, हे तिघं भितात ते एकमेकांनाच. बारा वर्षांत मला कुणी म्हणालं नाही, की रखमाजी, आज चौथ्याची नक्कल कर."

त्यांचे कुटुंब चिमाबाई शेजारी बसोन रॅकेटच्या मुठीस नवी पट्टी गुंडाळीत होती. ती बोलली, "आणि ह्यांचा स्वतःचा खेळ कोणता, तेही विचारा की. लग्नाला नऊ वर्षं झाली. तिघांचाही खेळ घरात पाहिला, ह्यांचा तेवढा राहिला." यावर रखमाजी ओशाळले आणि मग हळूच सांगो लागले की, लहानपणी गावी एका कमरेएवढ्या भिंतीवर चेंडू मारीत, पलीकडे विहीर, चेंडू जरा उंच गेला की बुडाला, म्हणून हात ऐसा बसला की चेंडू खालून सरपटत जावा आणि उसळी न घेता मरावा. "पण तो फटका तिघांपैकी कुणाचाच नाही, म्हणून चाकरीत कधी लागला नाही. आता मारायला गेलो तर निघेल का, ह्याचीच भीती वाटते," ऐसे म्हणाले, आणि सेवकास त्या गृहस्थाचे फार वाईट वाटले.

चिमाबाई दरसाल हट्टाने त्यांचे नाव पात्रतेच्या फेरीत घालीत असे आणि रखमाजी दरसाल शेवटच्या वेशीवर पडत. यंदाही पडले. परंतु हिरवळीच्या तख्ताचे युद्ध उद्यावर आले असता एका सरदाराचा जिन्यावरून उतरताना पाय मुरगळला, जागा रिकामी जाहली, आणि यादीत पुढचे नाव रखमाजीचे. पहिल्याच फेरीत समोर कोण, तर साक्षात मोठे महाराज! मग माध्यान्ही युद्धास तोंड लागले. रखमाजी आधी मधले महाराज होवोन खेळले, आणि मग धाकटे होवोन खेळले. परंतु त्याच दोन खेळांवर मोठ्यांनी बारा वर्षे याच रखमाजीकडून सराव केलेला, त्यांस ते घरचेच जेवण. त्यात हातास चाकरीचे वळण! महाराजांस जेथे चेंडू आवडतो तेथेच नेमका नेवोन ठेवीत, आणि महाराजांनी गुण घेतला की तोंडून "वाहवा महाराज!" निघे. एकदा तर जाळीपाशी जावोन पडलेले चेंडू गोळा करो लागले. लोक पोट धरधरून हसले. सेवकही हसला, खोटे कशास लिहू. मग चिमाबाईचे तोंड पाहिले आणि लाज वाटली. पहिला डाव सहा-शून्य, दुसरा सहा-एक.

तिसऱ्या डावाचे आरंभी सगळीकडे सामसूम असता चिमाबाई उभी राहिली आणि मोठ्याने ओरडली, "अहो, पलीकडं विहीर आहे!"

पंचांनी दटाविले. लोकांस वाटले बाईस ऊन लागले. परंतु रखमाजींनी पुढचा चेंडू ऐसा खालून कापिला की तो जाळीवरून जेमतेम उतरला, गवतावर सरपटला आणि तेथेच मेला. महाराज जागचे हलले नाहीत. दुसरा आला, धावले आणि पोहोचले नाहीत. मग तिसरा आला, त्यास वाकले आणि घसरले आणि दोन्ही गुडघ्यांवर आले, आणि बारा वर्षांत प्रथम त्यांचे गुडघ्यांस हिरवे डाग लोकांनी पाहिले. रखमाजी तो डाव सहा-चार जिंकिले. चौथ्यात पाच-पाच बरोबरी जाहली. मग मात्र महाराज महाराजच, दम राखून होते, सात-पाच करोन सुटले. हस्तांदोलनाचे समयी त्यांनी पुसिले, "हा फटका कुणाचा?" रखमाजींनी सवयीने मागे वळून पाहिले, आणि मग म्हणाले, "माझाच, महाराज." डोळ्यांस पाणी आले होते.

दुसरे दिवशी सकाळी सेवक निरोप घ्यावयास गेला, तो महाराजांचे कारभारी दारात उभे. म्हणाले, "पायगुडे, पुढच्या तख्ताआधी महाराजांना सराव हवाय. नेहमीसारखी नक्कल करायची."

"कुणाची? मधल्यांची का धाकट्यांची?"

कारभारी आपल्या जोड्यांकडे पाहत बोलले, "रखमाजी पायगुड्यांची."

चिमाबाईने तोंडास पदर लाविला. रखमाजी म्हणाले, "महाराजांना माझा मुजरा सांगा. अन् सांगा, तो गडी आता सरावाला मिळत नाही."

एवंच, तख्त मोठ्या महाराजांनीच नेले, त्यात नवल नाही. साहेबीं पुसिले होते की चौथा का नाही. तर चौथा होता. तो बारा वर्षे तिघांस एकमेकांशी लढावयास शिकवीत होता. आता चाकरी सुटली आहे.